रान्काखेरीज सगळ्यांना

मॉन्टेनेग्रोच्या उत्तरेला, डोंगरातल्या आमच्या गावात एक जिल्हा इस्पितळ आहे. वरच्या मजल्यांवर वॉर्ड, बाळंतपणं, नातेवाइकांची गर्दी. तळघरात मात्र एक लांबट, शांत खोली आहे आणि तिथे डॉक्टर विंका वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसत आली आहे. लोकांच्या शरीरातून काढलेले तुकडे तिच्याकडे येतात. ते मेणात घट्ट करतात, कागदाहून पातळ कापतात, गुलाबी-जांभळे रंगवून काचेवर चढवतात. त्यात काय आहे ते विंकाने सांगायचं. ज्यांचे ते तुकडे, ती माणसं तिला सहसा दिसत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटे.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिने कॉफीचा कप बाजूला ठेवला आणि पहिली काच घेतली. आधी काच बघायची, नाव मागाहून, ही तिची सवय. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा होता. निरोगी अस्तरात बारीक ग्रंथी एकमेकींपासून सुट्या असतात, मध्ये मोकळी जागा असते. इथे त्या एकमेकींना खेटून दाटल्या होत्या, त्यांना वेडेवाकडे फाटे फुटले होते. आतल्या पेशींची फुगलेली केंद्रं रांग सोडून कशीही उभी होती. विंकाने काच सरकवली, पुन्हा मागे आणली. कॅन्सर म्हणता येत नव्हता; पण कॅन्सरच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिलेली ही अवस्था होती. आणि अशा पुष्कळ बायकांच्या बाबतीत पुढे असं निघतं, की जो कोपरा खरवडून आला नाही, तिथे कॅन्सर आधीच येऊन बसलेला होता.

मग तिने नाव बघितलं. रान्का. तिच्या धाकट्या भावाची बायको.

विंका काचा घेऊन राजधानीला, पोदगोरिकाला गेली. तिथल्या दोन ज्येष्ठ डॉक्टरांना नाव न सांगता त्या दाखवल्या. दोघांनीही तेच सांगितलं. परत आल्यावर तिने स्पष्ट लिहिलं: अस्तर जाड झालंय, ग्रंथी दाटल्यात, पेशी बिघडल्यात. आणि अहवाल वरच्या मजल्यावर स्त्रीरोगाच्या डॉक्टर चूपिचकडे पाठवून दिला. इथवर तिचं कुठेही चुकलं नव्हतं.

पण आमच्याकडे मोठं दुखणं माणसाला सांगत नाहीत, घराला सांगतात. आणि घर म्हणजे घरातला पुरुष.

दोन दिवसांनी तिचा भाऊ ब्लाझो तळघरात उतरला. लाकडं कापायच्या गिरणीचा मालक, दणकट गडी, स्वेटरवर अजून देवदाराचा भुसा. या खोलीत तो आजवर कधी आला नव्हता.

"ताई, चूपिचचा फोन आला होता."

"तुला? रान्काला नाही?"

"मलाच करणार ना! असल्या गोष्टींसाठी बायकांना काय फोन करायचा?" खुर्ची होती तरी तो बसला नाही. "पिशवी काढावी लागेल म्हणतो. तू तसं लिहिलंयस म्हणून."

"मला जे दिसलं ते मी लिहिलं."

"नुसतं जाड झालंय असं असतं तर औषधावर भागलं असतं, म्हणाला. तुझ्या एका शब्दापायी अडलंय सगळं. पेशी बिघडल्यात म्हणे."

"बिघडल्यात."

"किती? थोड्याच ना? मग थोड्या असतील तर नाही लिहिल्या तरी चालेल की."

"लाकडाला कीड लागली तर तू गिऱ्हाइकाला काय सांगतोस? थोडीच आहे म्हणून?"

"गिऱ्हाइकाला सांगतं कोण?" ब्लाझो बोलून गेला, त्याला स्वतःलाच हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो तोंड फिरवून काचांच्या कपाटाकडे बघत राहिला. "मला मुलगा नाही गं, ताई. बाबांच्या मागे मी. माझ्या मागे कोण? गिरणीवरचा गडीसुद्धा मला विचारतो."

ब्लाझोला तीन मुली होत्या. धाकटीचं नाव स्ताना. आमच्याकडे मुलींवर मुली झाल्या की असं नाव ठेवतात. त्याचा अर्थ, आता थांब. नकोशी म्हणावं तसंच. स्तानाच्या मागून रान्का आणखी दोनदा गरोदर राहिली होती. दोन्ही वेळा तिचं रक्त तपासायला सरहद्दीपलीकडे गेलं, दोन्ही वेळा मुलगी असल्याचं कळलं आणि दोन्ही वेळा ती रिकामी होऊन घरी आली. बेचाळीस वर्षांच्या त्या बाईचा रक्तस्राव आता महिन्यातले पंधरा पंधरा दिवस थांबत नव्हता.

विंकाने भावाला समजावून सांगितलं. "हे बघ, तिला अजून मूल हवंच असेल तर वेगळा मार्ग आहे. काही महिने विशिष्ट औषधं द्यायची, दर तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा काढून बघायचा. धोका राहतोच. पण हे तिने ठरवायचं, ब्लाझो. तिला समोर बसवून, सगळं सांगून."

ब्लाझोने त्यातलं "मार्ग आहे" एवढंच उचललं.

"तिला सांगायचं नाही. घाबरून मरेल ती."

"अहवालातला शब्द मी खोडणार नाही."

"नको खोडूस. पण तोंडही उघडू नकोस. भावासाठी एवढं तरी करशील?"

विंकाने पुढची काच उचलली. वडील गेले तेव्हा घर, गिरणी, रान, सगळ्यावरचा हक्क तिने भावाच्या नावे सोडला होता. आमच्याकडच्या बहिणी सोडतातच. जी सोडत नाही, तिला भाऊ उरत नाही. विंकाने लग्न केलं नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या आणि रविवारी दुपारी ब्लाझोच्या घरचं जेवणाचं टेबल, एवढाच तिचा संसार.

त्या रविवारी टेबलावर दुधात शिजवलेलं कोकराचं मांस होतं, बटाटे होते, आईने स्वतः तळलेली कलेजी होती. आई म्हणजे यागलिका, सत्त्याहत्तर वर्षांची, नवरा गेल्यापासून पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यात. ती रान्काच्या ताटात कलेजी घालत होती.

"खा गं, सूनबाई. रंग बघ तुझा, ताकासारखा झालाय."

"आई, तुम्हीच म्हणता ना, घरात पांढरं वावरलं की बरकत येते," रान्का हसून म्हणाली आणि पाव आणायला उठली. उठताना तिने टेबलाचा कोपरा घट्ट धरला. ब्लाझोने पटकन राकियाच्या, फळांच्या दारूच्या पेल्यात डोळे घातले. यागलिकाने मुलाकडे बघितलं, मग लेकीकडे. रान्काच्या पाठीमागे या तिघांची नजर एक झाली आणि ती वळताच तुटली.

स्वयंपाकघरात भांडी विसळताना विंका हळूच म्हणाली, "आई, तिला सांगायला हवं."

"तुझ्या बाबांना सांगितलं होतं? कसे शांतपणे गेले."

"शांतपणे नाही गेले. सारखे विचारत होते."

"विचारतात," यागलिका ताट पुसत म्हणाली. "मग थकतात."

दुसऱ्या दिवशी विंका वर चूपिचकडे गेली. चूपिच गावात सगळ्यांचा लाडका, कुणाच्याही लग्नात पहिला नाचणारा. त्याने तिला खुर्ची दिली, चॉकलेटचा डबा पुढे केला.

"तू काचा बघ, विंका. माणसं मी बघतो."

"मग माणसाला सांग."

"घराला सांगितलंय. अगं, तुझंच घर ना ते? घरातल्यांना जे कळतं ते तुला-मला कळणार आहे का?"

कायदा विंकाला ठाऊक होता. ज्याचं शरीर, त्याला जाणून घ्यायचा हक्क आहे, असं तो म्हणतो. पण कायदा रविवारी जेवायला बोलावत नाही. आपण खरं लिहिलंय, आपलं काम झालं, असं तिने मनाला बजावलं. वाचकहो, खरं लिहिणं आणि खरं सांगणं यांत केवढी दरी आहे, ते त्या हिवाळ्यात तिला रोज कळत होतं. तिने लिहिलेलं खरं रान्काला न समजणाऱ्या भाषेत, रान्काच्या हाती कधी न पडणाऱ्या कागदावर, चूपिचच्या खणात पडून होतं.

बर्फ पडलं. घाट बंद झाला, उघडला, पुन्हा बंद झाला. विंका एकदोन रविवार गेली, मग सर्दीचं निमित्त केलं, मग कामाचं. तीन महिन्यांनी पुन्हा काढायचा तुकडा तळघरात आलाच नाही. दर सकाळी येणाऱ्या डब्यांवरची नावं ती आता काचांच्या आधी बघू लागली होती.

मार्चमध्ये भाजीबाजारात रान्का भेटली. कोबीच्या ढिगाला टेकून उभी होती. चेहरा इतका उतरलेला, की चीज विकणारी म्हातारी तिला आपलं स्टूल देत होती.

"वन्सं! किती दिवसांनी!" तिने विंकाला मिठी मारली. "आमच्यावर रागावलात की काय? ऐका तरी. पुढच्या आठवड्यापासून इंजेक्शनं सुरू. ब्लाझो मला बेलग्रेडला नेतोय. चूपिच डॉक्टर म्हणाले, माझं अस्तर छान जाड झालंय, कसदार जमिनीसारखं. या खेपेला बी रुजणारच, म्हणाले."

विंकाच्या हातातली पिशवी खाली पडली. बटाटे घरंगळत गेले. रान्का वाकून ते गोळा करू लागली तेव्हा विंकाने तिला दंडाला धरून उभं केलं.

"रान्का, उद्या सकाळी माझ्याकडे तळघरात ये. एकटी ये."

रान्काने तिच्याकडे बघितलं. हसू तसंच होतं, पण डोळ्यांतलं विझलं होतं.

"येते," ती म्हणाली. काय आहे, हे तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती चांगला कोट घालून आली. विंकाने दार लावलं, तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली आधी दुसऱ्याच कुणाची निरोगी काच ठेवली.

"काय दिसतं?"

"गुलाबी. गोल गोल भोकं. लेस विणल्यासारखं."

विंकाने काच बदलली. रान्का बराच वेळ बघत राहिली.

"हे गुंतलंय. इथे जागाच नाही. एकावर एक चढल्यात सगळ्या." तिने डोळे वर केले नाहीत. "ही माझी?"

"हो."

"कॅन्सर आहे?"

"या तुकड्यात नाही. पण इथून पुढची पायरी तीच. आणि जो भाग आला नाही त्यात काय आहे, ते मला सांगता येत नाही." विंका सांगत गेली. पिशवी काढायचा मार्ग. औषधांचा मार्ग, त्यातला धोका, दर तीन महिन्यांची तपासणी. इंजेक्शनं घेऊन लगेच दिवस राहायचा प्रयत्न करणं किती घातक आहे, तेही. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही.

"हे केव्हाचं आहे?"

"ऑक्टोबरचं."

रान्काने आता मान वर केली. "ब्लाझोला माहीत आहे?"

"हो."

"आईंना?"

"हो."

"आणि तुम्हाला तर आहेच." ती कोटाची बटणं एकेक लावू लागली. "म्हणजे गेला सगळा हिवाळा मी ज्यांना ज्यांना वाढलं, त्या प्रत्येकाला माझ्या पोटात काय आहे ते ठाऊक होतं. माझ्याखेरीज सगळ्यांना. मला वाटायचं, घरात माझी इतकी काळजी घेतात, मी किती नशीबवान!"

"रान्का, मी—"

"तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळत होता, वन्सं. मला दिसत होतं. मला वाटलं, मुलगा होत नाही म्हणून."

माफी मागावी तर ती विंकाला फार हलकी वाटली. दाराशी पोचल्यावर रान्का थांबली.

"पोदगोरिकात ऑपरेशन कोण करतं? नाव सांगा."

त्या दुपारी ब्लाझो दाराशी बूट काढत होता, तेव्हाच तिने सांगून टाकलं. "मी इंजेक्शनं घेणार नाही. सोमवारी पोदगोरिकाला चाललेय, पिशवी काढायला."

"कोणी सांगितलं तुला? ताईने?"

"माझ्या पोटात काय आहे ते आधी विचार ना! कोणी सांगितलं ते काय विचारतोस?"

यागलिका चुलीपाशी उभी होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. थोरली इस्क्रा जिन्यावर येऊन थांबली, सतरा वर्षांची पोर.

"एक वर्ष," ब्लाझो म्हणाला. एक बूट पायात, एक हातात. "फक्त एक वर्ष दे मला. मुलगा होऊ दे, मग काय काढायचं ते काढ. मी आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

"दोनदा मागितलंस. दोनदा मी दिलं. त्या दोघींना मी मनातल्या मनात नावं दिलीत, ब्लाझो. तुला कधी सांगितली नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "आता माझ्याकडे द्यायला मीच उरलेय. ती मी देणार नाही."

"लोक काय म्हणतील? पोकळ बाई आणून बसवली घरात?"

"म्हणू देत."

"तू गेलीस ना, तर या घरात परत..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही.

"तिच्याबरोबर मी जाणार आहे," जिन्यावरून इस्क्रा म्हणाली. "बाबा, तिची बॅग कोण उचलणार?"

ब्लाझो तिथेच पायरीवर बसला आणि हातातल्या बुटात तोंड खुपसल्यासारखा ओणवा झाला. तो रडत होता. ते बघूनही कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. त्याची आईसुद्धा चुलीपाशीच राहिली.

ऑपरेशन झालं. तुकड्यांची तपासणी तिथल्याच डॉक्टरांनी केली. निकाल लागला त्या दिवशी विंकाचा फोन वाजला.

"वन्सं, मला आधी सांगितलं त्यांनी. खुर्ची दिली बसायला, आणि मलाच सांगितलं." रान्काचा आवाज थकलेला होता, पण त्यात एक नवल होतं, जसं कुणी पहिल्यांदाच तिला तिच्या नावाने हाक मारावी. "कॅन्सर होता. थोडा स्नायूत उतरलाय. किरणं द्यावी लागतील. बाहेर पसरलेला दिसत नाही."

विंकाने कपाळ भिंतीला टेकलं.

"मी विचारलं त्यांना, ऑक्टोबरमध्येच काढली असती तर? ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. तुम्हाला येईल सांगता?"

"नाही," विंका म्हणाली. "मलाही नाही येणार."



रान्का त्याच घरात परत आली. दुसरीकडे जाणार कुठे? धाकट्या दोघी मुली तिथे, तिच्या नावावर एक काडीही नाही. ब्लाझो तिच्याशी कामापुरतं बोले आणि गिरणीतच जेवे. विंकाला त्याने रस्त्यात सांगून टाकलं की आजपासून मला बहीण नाही. यागलिकाने लेकीचा फोन घेणं बंद केलं. गावात बायका हळू आवाजात विचारत, "काय झालं होतं गं?" आणि रान्का बेकरीच्या रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगे, "पिशवीचा कॅन्सर." बायका दचकून इकडेतिकडे बघत. पण त्या उन्हाळ्यात दोघीतिघी तळघराच्या पायऱ्या उतरून विंकाकडे आल्या आणि आपल्या अहवालात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. विंकाने प्रत्येकीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. चूपिचने वर तक्रार केली. तिला समज देण्यात आली. ती पुढच्या बाईला वाचून दाखवत राहिली.

सप्टेंबर आला. आमच्याकडे त्या दिवसांत प्रत्येक अंगणात तांबड्या मिरच्या भाजतात, सोलतात, वर्षभराची चटणी करून ठेवतात. रान्का आणि यागलिका समोरासमोर बसून सोलत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"सूनबाई," यागलिका म्हणाली, "तो तुकडा काढतात ना... फार दुखतं का गं?"

"थोडं दुखतं. लवकर होतं. का?"

"उगीच."

रान्काचे हात थांबले.

यागलिका मिरचीचं साल ओढत राहिली. "ईस्टरपासून रक्त जातंय माझं. थोडं थोडं. या वयात, बघ. आधी वाटलं, थांबेल."

"आई! कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? चूपिचला सांगितलं की तो ब्लाझोला फोन करणार. मग तुम्ही सगळे माझ्याशी गोड गोड बोलायला लागाल, आणि मला काही कळायचं नाही." म्हातारीच्या हातातली मिरची फाटली. "मला कळायला हवंय गं. काय आहे ते."

रान्काने हात धुतले. शेगडी विझवली. "चला. वन्संकडे जाऊ."

"ती बोलेल माझ्याशी?"

"बोलतील."

"आणि ब्लाझोला काय सांगायचं?"

"ते तुम्ही ठरवा, आई. सांगायचं की नाही, किती सांगायचं, सगळं तुम्ही. आधी तुम्हाला कळू दे."

यागलिका थोडा वेळ भाजलेल्या मिरच्यांच्या ढिगाकडे बघत बसली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"थांब जरा," ती म्हणाली. "बरा झगा घालून येते."